ठिपक्यांच्या पाकटाचा जंत

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला नीट कळत नाही, त्याची आधीच माफी मागते. चौथीपर्यंत शिकले, त्यातली दोन वर्षं उर्दूत गेली, त्यामुळे हात अजून अडखळतो. खरं तर ही वही मी कुणाला दाखवणार नाही, मग माफी कुणाची मागते? सवय लागली आहे, दुसरं काय. सात वर्षं ज्या घरात काम केलं तिथे चूक नसताना मान खाली घातली. इथे चूक असताना घालायला माझं काय जातं.

माझा भाऊ दिवाळीचा अंक घरी आणतो. त्यात कुणी स्टेशनमास्तर लिहितो, कुणी कंपाउंडर लिहितो, नोकरीतल्या गमती सांगतो. माझ्या कामावर कुणी लिहिणार नाही, कारण जालन्यात ते काम मी एकटीनंच केलं. मी माशाच्या आतड्यातले जंत काढत असे.

ज्यांच्याकडे काढत असे ते साहेब आधी हैदराबादला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. पोलीस ॲक्शननंतर नोकरी आटोपून ते जालन्याला आपल्या घरी आले. गाव त्यांना डॉक्टर म्हणायचं, पण ते माणसांचे डॉक्टर नव्हते. त्यांचा विषय जंत, आणि त्यातही पाकट नावाच्या समुद्रातल्या माशाचे जंत. जालन्याहून समुद्र दोन दिवसांच्या वाटेवर. तरी माणसाला एकदा विषय लागला की लागला.

आमचं घर खाटकाचं. मालक वारल्यावर मी भावाकडे परत आले होते आणि दुकानामागे आतडी, वजडी धुण्याचं काम माझ्याकडे होतं. एक दिवस साहेब छत्री घेऊन दुकानासमोर उभे राहिले. शाकाहारी माणूस, अंग चोरून उभा. दादाला वाटलं पत्ता विचारायला आले.

"मला आतडी हवीत," साहेब म्हणाले. "धुतलेली. आणि कुठेही फाटायला नकोत."

"खायाला?" दादानं विचारलं.

"बघायला."

दादानं माझ्याकडे पाहिलं, मी आतड्याकडे पाहिलं. साहेब अर्धा तास तिथेच उभं राहून माझे हात बघत होते. मग त्यांनी दादालाच विचारलं, "ही बाई कामाला येईल का?" मला कुणी विचारलं नाही. पगार पंधरा रुपये ठरला. दादा म्हणाला, "द्वारके, बोकडाची धुवून राह्यली तशी माशाची धुवायची. त्यात काय."

त्यात पुष्कळ होतं. ते आता सांगते.

पाकट मी आजपर्यंत पाहिलेलं नाही. साहेबांना एकदा विचारलं तेव्हा ते म्हणाले, "मोठी भाकरी डोळ्यासमोर आणा, तिला चाबकासारखी शेपूट लावा, आणि ती पाण्यात उडते असं समजा." मी तेवढ्यावर सात वर्षं काढली. पण त्याचं आतडं मला कोळणीपेक्षा जास्त ठाऊक आहे. बाहेरून ती आखूड, जाडसर नळी दिसते. चिरली की आत गोल जिना, वरपासून खालपर्यंत वळत गेलेला. जंत त्या जिन्याच्या पायऱ्यांना डोकं रुतवून बसतात आणि बाकीचं अंग फितीसारखं खाली सोडतात. काही बोटभर, काही नखाएवढे, काही पोह्याच्या कण्याएवढे.

वर्षातून दोनदा साहेबांचे भाचे मधुकरराव मनमाडवरून मुंबई आणि पुढे बोटीनं रत्नागिरीला जात. तिथे पाकटं विकत घ्यायची, पोटं काढायची, प्रत्येक आतडं एक चीर देऊन मलमलीच्या फडक्यात बांधायचं, आत शिसपेनीनं लिहिलेली चिठ्ठी ठेवायची आणि फॉर्मालीन भरलेल्या पत्र्याच्या डब्यात टाकून डबा डाख लावून हवाबंद करून आणायचा. डबा उघडला की डोळ्यांतून पाणी. हाताच्या चामड्याला चिरा पडायच्या, त्यात भाकरी थापताना तिखट गेलं की जीव जायचा.

पसरट भांड्यात पाणी घ्यायचं, आतडं उलगडायचं आणि खारीच्या केसांच्या कुंचल्यानं जंताचं डोकं हळूच पायरीवरून सोडवायचं. ओढायचं नाही. ओढलं की अंग हातात येतं आणि डोकं तिथेच राहतं, आणि बिनडोक्याचा जंत कुणाच्या कामाचा नाही, कारण त्याची जात डोक्यावरून ओळखतात. मग दोन काचांमध्ये दाबून दोरा बांधायचा, किरमिजी रंगात ठेवायचा, पाणी काढून स्पिरिट भरायचं, लवंगाच्या तेलात टाकून पारदर्शक करायचा आणि शेवटी काचपट्टीवर डिंकात बसवायचा. लवंगाच्या तेलामुळे माझ्या लुगड्याला दातदुखीवाल्यासारखा वास येई.

साहेबांनी पहिल्याच वर्षी सूक्ष्मदर्शक दुर्बीण ओट्यावर आणून मला दाखवलं. उजेडाकडे तिचा आरसा वळवला आणि म्हणाले, "बघा." ठिपक्यांच्या पाकटातल्या जंताच्या डोक्यावर चार वाट्या आणि प्रत्येक वाटीला आकड्यांची जोडी. काळ्या पाकटातल्या जंताला आकडे नाहीत, चार कान, कोबीच्या पानासारखे चुरमडलेले.

"दोघं एकाच समुद्रात, एकाच वाळूवर पडून असतात," साहेब म्हणाले. "तरी ह्याचा जंत त्याच्यात जात नाही. का?"

मला उत्तर येत होतं. कासार हात बघून बांगडी भरतो. ठिपक्यांच्या पाकटाच्या पायऱ्या रुंद, मोजून तेरा-चौदा. काळ्याच्या दाट, अठरा-एकोणीस. ज्याचा जिना जसा, त्याच्या जंताचं डोकं तसं. आमच्या दुकानातही बोकडाचा जंत कोंबडीत कधी निघाला नाही. पण मी लाजत होते, आणि साहेब तोवर स्वतःच उत्तर सांगायला लागले होते. ते बरोबर होतं.

काम आवडायचं, हे लिहायला हवं. एकही डोकं न तोडता अख्खं आतडं रिकामं झालं की मला माझाच हेवा वाटायचा. राग दुसऱ्या गोष्टींचा. माशाची आतडी पुढच्या दारानं घरात यायची, मी मागच्या. जंत बैठकीत, काचेच्या कपाटात, साहेबांच्या वडिलांच्या फोटोशेजारी. मी मागच्या ओट्यावर, पत्र्याखाली. पाणी पाहिजे तर काकी वरून ओतायच्या. काकी म्हणजे साहेबांच्या बायको. वाईट नव्हत्या, चहा रोज द्यायच्या, पण कप माझा मी विसळून कोनाड्यात पालथा घालायचा.

गमतीही झाल्या. जंताचे डॉक्टर आले म्हटल्यावर लोक पोटं धरून यायला लागले. तीर्थपुरीहून एक म्हातारी नातवाला घेऊन बैलगाडीनं आली आणि ओट्यावर माझ्याशेजारीच बसली.

"बाई, ह्याच्या पोटात जंत हाये. डॉक्टरला म्हणावं काढा."

"ते माशाचेच काढतात, आजी."

"मंग ह्याला मासा समजा. उगं बसून राह्यलं का, रात्रभर दात खातंय."

साहेबांनी तिला सरकारी दवाखान्याची वाट दाखवली. म्हातारी जाताना मला म्हणाली, "माणसाचं काढता येईना म्हणून माशाच्या मागं लागलेत व्हय." साहेबांनी ते ऐकलं आणि दिवसभर हसू दाबत फिरत होते. तेव्हा मला ते आवडायचे.

आता जे लिहायला वही घेतली ते लिहिते.

पाचव्या वर्षी हिवाळ्यात मधुकरराव डबे घेऊन आले. चार आतडी होती. दोन फडक्यांत चिठ्ठ्या ठिपक्यांच्या पाकटाच्या, दोनांत काळ्याच्या. मी काळ्याची चिठ्ठी असलेलं पहिलं आतडं उलगडलं आणि हात थांबला. पायऱ्या रुंद. मोजल्या, चौदा. जंताला आकडे. दुसरं उलगडलं, तेही तसंच. मग ठिपक्यांची चिठ्ठी असलेली दोन्ही उघडली, तर त्यात दाट पायऱ्या आणि कोबीच्या पानाचे कान.

मधुकरराव ओट्याच्या दारात उभे होते. दाराच्या आत ते कधी यायचे नाहीत, वास सहन व्हायचा नाही. मी खाली बघून म्हणाले, "मधुकरराव, चिठ्ठ्या उलट्या पडल्या वाटतं. हे काळ्याचं न्हाई."

"तू कधी पाकट पाहिलंस का?"

"न्हाई."

"मी पाहून आलोय. तू आतडी धू."

मी आतडी धुतली. साहेब आतल्या खोलीत होते, दहा पावलांवर. मी उठून गेले नाही. माझा सगळ्यात जास्त राग ह्या दहा पावलांवर आहे.

जंत चिठ्ठीप्रमाणे काचांवर बसले. काळ्या पाकटात आकडेवाला जंत बघून साहेब आनंदून गेले. त्यांचाच नियम होता की एका पाकटाचा जंत दुसऱ्यात राहत नाही. म्हणजे हा दिसायला तसाच असला तरी ठिपक्यांच्या पाकटातला तो नव्हे, हा नवा असला पाहिजे. ठिपक्यांच्या चिठ्ठीत निघालेले कानवाले मागाहून बघू म्हणाले. महिनाभर मापं घेऊन त्यांनी बारीकसारीक फरक शोधले. शोधले की सापडतात. नवीन जंताला जमा करणाऱ्याचं नाव द्यायची रीत आहे म्हणे, म्हणून त्याला मधुकररावांचं नाव दिलं. पेढे आले. मलाही एक पेढा मिळाला, वरून.

लेख छापून आला आणि काही महिन्यांनी परदेशातून पत्र आलं. साहेबांनी काचपट्ट्या ज्यांना पाठवल्या होत्या त्यांनी लिहिलं की हा नवा जंत नाही, ठिपक्यांच्या पाकटातला जुनाच आहे, तुमच्या बरण्या कुठेतरी मिसळल्या असाव्यात.

साहेब दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी मला आत बोलावलं. बैठकीत मी पहिल्यांदाच गेले, आणि ती अशी. मधुकरराव खुर्चीवर, साहेब उभे.

"बरण्या कुणी मिसळल्या?" साहेबांनी विचारलं.

मधुकरराव म्हणाले, "मामा, मी चिठ्ठ्या घालून डबे इथवर बंद आणले. उघडले कुणी? धुतले कुणी? ही बिचारी चौथी शिकलेली, हिला काय दोष द्यायचा. दोष आपला, आपण भरवसा ठेवला."

मला वाटत होतं बोलावं. आतडी उलगडायच्या आधीच उलटी होती, मी सांगितलंही होतं, एवढं एक वाक्य. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी फरशीकडे पाहिलं, आणि त्यांनी त्याचा अर्थ त्यांना हवा तो घेतला.

"बाई, माझी आयुष्याची अब्रू गेली," ते म्हणाले. "स्पिरिट, काचा, टपाल, सगळा खर्च वाया. मी तुम्हाला काढत नाही. पण दरमहा पाच रुपये कापून घेईन."

पंधरातले पाच. घरी दादाला सांगितलं तर तो सुरी पुसत म्हणाला, "तू मिसळलं का?"

"न्हाई."

"बोलली का तसं?"

"न्हाई."

"मंग भर," दादा म्हणाला. जरा वेळानं म्हणाला, "अन् ती आतडी कुठं हायेत? टाकली?"

हे बाहेरच्यांना कळणार नाही म्हणून सांगते. आमच्या धंद्यात सोललेला बोकड टांगला की त्याची शेपूट कापत नाहीत. सगळं मटण विकून होईपर्यंत शेपूट तशीच ठेवायची. गिऱ्हाईक म्हणालं, हे मेंढीचं आहे, तर शेपटीकडे बोट दाखवायचं. मेंढीची आणि बोकडाची शेपूट आंधळ्यालाही वेगळी कळते. लहानपणापासून हे अंगात मुरलेलं. त्यामुळे रिकामी आतडी मी कधीच टाकली नाहीत. प्रत्येक खेपेची आतडी आपापल्या चिठ्ठीसकट लोणच्याच्या फुटक्या बरण्यांत, ओट्याखाली, जुन्या फॉर्मालीनमध्ये ठेवलेली असत. कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून कुणाला माहीतही नव्हतं.

"हायेत," मी म्हणाले.

"मंग शेपूट दाखव की."

सांगायला सोपं. मला आठ महिने लागले. दर पहिल्या तारखेला दहा रुपये घ्यायचे, मान हलवायची, मागच्या दारानं जायचं. त्याच काळात साहेबांनी चूक कबूल करणारा मजकूर त्या मासिकाला पाठवला. तो छापून आला तेव्हा त्यांनी मला बोलावून ओळीवर बोट ठेवलं आणि मराठीत सांगितलं, मदतनिसाच्या हातून नमुन्यांची सरमिसळ झाल्यामुळे. त्यांना वाटलं असावं, मला कळायला हवं. मला इंग्रजी येत नाही, पण त्या ओळीत माझं नाव कुठे नाही हे कळलं. जंताला माणसाचं नाव दिलं होतं. चुकीला ज्या बाईचं निमित्त केलं तिला नावही नव्हतं.

आठव्या महिन्यात नवे डबे आले. ह्या वेळी साहेब हट्टानं स्वतः रत्नागिरीला गेले होते, साठीच्या वयात, आणि नाकाला रुमाल न लावता कोळणीशेजारी बसून एकेक पोट काढून घेतलं होतं. चिठ्ठ्या त्यांच्याच अक्षरात होत्या. मी आतडी उलगडली. काळं ते काळं निघालं, ठिपक्यांचं ते ठिपक्यांचं. मोजलं, पुन्हा मोजलं.

मग मी ओट्याखालून जुनी बरणी काढली. दोन पसरट भांडी घेतली. एकात साहेबांनी आणलेलं काळ्याचं आतडं आणि शेजारी मधुकररावांच्या काळ्याच्या चिठ्ठीचं जुनं. दुसऱ्यात ठिपक्यांची तशीच जोडी. भांडी उचलली आणि आतल्या दारानं सरळ बैठकीत गेले. काकी म्हणाल्या, "अगं, कुठे निघालीस?" मी थांबले नाही. साहेब वर्तमानपत्र वाचत होते. दोन्ही भांडी मी त्यांच्या वर्तमानपत्रावर ठेवली.

बोलले मात्र एवढंच, "साहेब, पायऱ्या मोजा."

त्यांनी चष्मा बदलला, सुई घेतली आणि मोजायला लागले. ओठ हलत होते. एक भांडं झालं, दुसरं झालं. मग जुन्या चिठ्ठ्या भिंगाखाली धरल्या. अक्षर मधुकररावांचं होतं.

"मधू," त्यांनी हाक मारली. ते आले. "त्या खेपेला पोटं कुणी काढली?"

"मीच... म्हणजे कोळणीनं. माझ्या समोर."

"समोर म्हणजे कुठे?"

मधुकररावांनी नाकाला रुमाल लावला. मग म्हणाले, "वास फार होता, मामा. मी जरा लांब, माडाखाली होतो. तिला सांगितलं होतं की ठिपक्यांचं ह्या बाजूला ठेव आणि काळ्याचं त्या बाजूला."

"तिच्या ह्या बाजूला की तुझ्या?"

मग एकेक बाहेर आलं. ते तिच्याकडे तोंड करून उभे होते म्हणे, म्हणजे जेवढा वेळ तोंड तिकडे होतं तेवढा वेळ. तिची डावी ती त्यांची उजवी. शिवाय हात लावायचा नाही म्हणून टोपलीत तिनेच टाकलेलं आतडं त्यांनी काठीनं फडक्यावर ओढलं होतं. एवढं शिकलेला माणूस. आतड्याला हात लावला असता तर पायऱ्या बोटाला लागल्या असत्या. ज्यांना हात लावायची किळस, त्यांनी हात लावणारीवर आळ घेतला. हे लिहिताना माझं पेन कागदात घुसतं आहे.

साहेबांनी सुई खाली ठेवली. मग मला म्हणाले, "बाई, हे तेव्हाच का नाही सांगितलं?"

"सांगितलं व्हतं," मी म्हणाले, आणि मधुकररावांकडे पाहिलं. त्यांनी भिंतीकडे पाहिलं. त्या घरात फरशी सोडून दुसरीकडे बघायची पाळी त्या दिवशी माझी होती.

साहेब म्हणाले, "तुमचे पैसे परत मिळतील. एकदम नाही जमणार. कापले तसे देईन, महिन्याला पाच."

मी कधी काही मागितलं नव्हतं. त्या दिवशी मागितलं. "साहेब, ते छापलेलं बदला. मदतनिसाची चूक न्हाई म्हणून छापा."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "एकदा चूक छापली, मग दुरुस्ती छापली. आता दुरुस्तीची दुरुस्ती पाठवली तर लोक म्हणतील ह्यांच्या कशावरच भरवसा ठेवू नये. शिवाय त्यात तुमचं नाव कुठे आहे? कुणाला कळणार आहे?"

मला कळत होतं. भांडी उचलली आणि ओट्यावर परत गेले.

मी काम सोडलं नाही. लोक म्हणतील का सोडलं नाही. कारण माझ्यासारखं डोकं न तोडता जंत काढणारं दुसरं कुणी नव्हतं, आणि ते हातातलं काम माझं होतं, त्यांचं नव्हतं. साहेब त्यानंतर मला पुढच्या दारानं या म्हणायचे. मी मागच्याच दारानं जात राहिले. ओटा माझा होता.

आठ महिने पगार वीस रुपये येत राहिला. आठव्या महिन्याच्या पहिल्या तारखेला साहेबांना बरं नव्हतं म्हणून पैसे मधुकररावांनी दिले. ओट्याच्या दारात उभं राहून, हात लांब करून. पाच रुपये वेगळे मोजले आणि सोबत हिशेबाची वही पुढे केली.

"लिही," ते म्हणाले. "रक्कम पूर्ण मिळाली, तक्रार नाही. खाली सही."

मी हात पुसले. फॉर्मालीनचा डाग वहीला पडला तो पडलाच. माझ्या वाईट अक्षरात, हळूहळू लिहिलं, रक्कम पूर्ण मिळाली. पुढे दंड ओढला, खाली सही केली आणि वही मिटून परत दिली.

त्यांनी उघडून पाहिलं. "पुढचं राहिलं. तक्रार नाही, तेही लिही."

"मला चौथीपर्यंतचंच येतं, मधुकरराव," मी म्हणाले, आणि पाच रुपये पदराच्या गाठीला बांधले.